तळटीप त्रेचाळीस

मार्चमध्येच कूलरचं खस बदलून घेतलं.
टेबलावर नव्वद उत्तरपत्रिका, प्रश्न तिसरा:
गुंतवणूकदाराची न्याय्य अपेक्षा म्हणजे काय? सोदाहरण स्पष्ट करा.
उदाहरणं सगळ्यांनी माझीच दिलीत,
दूरदेशीच्या पवनचक्क्या, पाइपलाइनी, रातोरात बदललेले दर.
कोराडीचं एकानंही नाही.
कसं असेल? मीच कधी दिलं नाही.

बाबा कोराडीला बॉयलरवर होते, एकतीस वर्षं.
डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेलं: लांजेवार, सी शिफ्ट.
आई कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसायची,
एकदा ओल्या फडक्यानं, एकदा कोरड्या,
आणि फडकं झटकताना म्हणायची,
"पाय, तुह्या बाबाचा पगार उडून राह्यला."

हेगला पहिल्यांदा गेले तेव्हा
कॉफीच्या रांगेत एकानं विचारलं, नागपूर कुठे येतं?
मधोमध, म्हटलं. आमच्याकडे दगडाचा एक खांब आहे,
तिथून सगळीकडची अंतरं मोजतात.
तो हसला. त्याच्या कागदांत आम्ही
'यजमान राज्य' होतो, एवढंच.
लग्नघरी यजमान सगळ्यांत शेवटी जेवतो
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

बाबांनी एकदाच विचारलं,
"तू शिकवते काय वं नेमकं?"
सांगितलं: बाहेरची कंपनी येते, वीजघर बांधते,
सरकार नियम बदलतं, कंपनी भरपाई मागते,
मग तीन पंच बसतात, फार लांब, बंद दाराआड.
बाबा पोह्यांत तर्री कालवत राहिले.
"अन् ज्याच्या घरावर राख पडते, थो कोन्या बाजूनं बसते?"
तो बसत नाही, बाबा.
"मंग उभा राह्यते?"
त्याला बोलावतच नाहीत.
"बराबर हाय," म्हणाले, "ड्यूटीवर असंन थो."

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी आईची दोरी घातली होती.
तळटीप त्रेचाळीस. तीन ओळी.
मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं गोल केला, शेजारी लिहिलं: विषयाशी संबंध?
मी ती काढली.
त्रेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस सरकली,
प्रबंधाला काही झालं नाही. मलाही नाही.
नोकरी लागली, रवीनगरला फ्लॅट झाला,
खिळ्याला परिषदांचे बिल्ले लटकत गेले.

करारांत एक कलम असतं, सूर्यास्ताचं.
करार मोडला तरी पुढची वीस वर्षं
तो जुन्या गुंतवणुकीपुरता जिवंत राहतो.
दुपारचा तास, वर्ग जांभया देतो.
यंदा मागच्या बाकावरून निखारे उठली
(खापरखेड्याहून बसनं येते, हजेरी घेताना
तिच्या आडनावाशी मी जरा थांबतेच).
"मॅडम, माझे आजोबा रिटायर होऊन बावीस वर्षं झाली,
खोकला अजून सुरूच आहे.
त्याला हेच कलम लागते का?"
वर्ग हसला. मीही, थोडीशी.
मग फळ्याकडे वळून खडू शोधत राहिले.
खडू हातातच होता.

बाबांचा एक्स-रे कपाटात आहे, साड्यांच्या खाली.
उजेडाला धरत नाही मी तो.

आज पुस्तकाची मुद्रितं तपासताना
चौथ्या प्रकरणात तीन ओळी वाढवल्या.
संपादकाचा लगेच मेल:
पुढच्या एकशे बारा तळटीपांचे क्रमांक बदलावे लागतील,
आवश्यक आहे का?
मी लिहिलं, 'बदला',
पुढे आणखी काही लिहिणार होते,
तेवढ्यात लाइट गेले.

इन्व्हर्टर जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो.
तेवढ्या काळोखात गच्चीच्या दारातून
उत्तरेला चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले,
ते तेवढे चालू होते.
मेल अजून गेलेला नाही.